न भिण्याचा ठराव

२२ सप्टेंबर १९५६, शनिवार

तळं भरलं! खैरओढ्याचं तळं काठोकाठ भरलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आणि मला सरपंच होऊन जेमतेम सहा महिने. यात माझा हात आहे असं मी म्हणत नाही. पण आजूबाजूच्या गावांची तळी अजून अर्धीच आहेत, हेही खरं.

बांधावर नारळ फोडला. भाषण केलं. तळं वर, गाव खाली, मधे आज्याच्या काळात दुष्काळी कामावर घातलेला मातीचा बांध. म्हणून भाषणात 'पूर्वजांची भक्कम माती' असे शब्द टाकले. लोकांना आवडले. सावळाराम तेवढा जांभया देत होता. निवडणुकीत माझ्याविरुद्ध पडला, तेव्हापासून या माणसाला झोप फार.

खाली उतरताना फुलाआत्यानं अडवलं. म्हातारीचं घर बांधाच्या अगदी पायथ्याला. एकटी राहते, एक शेळी आहे. म्हणाली, परसातली भुई ओली लागते. मी म्हटलं, आत्या, पावसाळ्यात भुई ओलीच असते. तर म्हणाली, "वरनं न्हाय रं, खालनं वली हाय."

म्हाताऱ्या माणसांना काळजी करायला काहीतरी लागतं.

निश्चय: पुढाऱ्यानं डोकं थंड ठेवावं. सर्वांना बरोबर घेऊन निर्णय करावा. आवाज चढवू नये.

२३ सप्टेंबर, रविवार

पाहून आलो. बांधाच्या पायथ्याला, बाभळीच्या मुळाशी, पाण्याची धार निघाली आहे. करंगळीएवढी. नितळ. दोन पावलं जवळ गेलो. तिसरं टाकलं नाही, कारण वहाणा नव्या आहेत.

मान वर केली तर बांध आभाळाला टेकलेला. त्याच्या पलीकडं, माझ्या डोक्याच्याही वर, पाणी उभं आहे हा विचार यापूर्वी कधी मनात आला नव्हता. आज आला. पोटात एकदम खड्डा पडला. सकाळी शिळी भाकरी खाल्ली होती, तिचंच असावं.

फुलाआत्या म्हणाली, नितळ आहे तोवर बरं, गढूळ झालं की समजायचं आतून माती निघाली. तिच्या सासऱ्यानं सांगितलेलं. मग म्हणाली, सांडवा फोडा.

सांडवा म्हणजे तळ्याच्या डाव्या अंगाची, जादा पाणी जायची वाट. तिच्या तोंडाशी मुरमाचा उंबरा आहे. तो दोन हात खणला की तळं दोन हात उतरेल आणि बांधावरचा भार हलका होईल. कल्पना वाईट नाही. पण अडाणी आहे. सांडव्याचं पाणी पुढं कुठून जातं, याचा साकल्यानं विचार व्हायला नको का? (माझ्या केळीच्या बागेतून जातं. पण मुद्दा तो नाही. मुद्दा साकल्याचा आहे.)

उद्या मीटिंग बोलावली आहे. जे करायचं ते सगळ्यांनी मिळून.

२४ सप्टेंबर, सोमवार

मारुतीच्या देवळासमोर मीटिंग. मी खुर्चीवर, बाकी मंडळी जमिनीवर. बायका मागं, पारापाशी. कोरम भरपूर.

वातावरण शांत राहावं म्हणून मी सुरुवातीलाच विचारलं, कोणाला भीती वाटत असेल तर त्यानं हात वर करावा.

कोणी करेना. सावळारामनं इकबालभाईकडं पाहिलं. इकबालभाईंचं गावात किराणा दुकान, शिवाय आमची वांगी अन् पेरू त्यांच्याच गाडीतून बारामतीच्या बाजाराला जातात. सावध माणूस. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मारुतीकडं पाहिलं.

इकबालभाई म्हणाले, "समद्यास्नी भ्या वाटत न्हाय, तर मला एकट्यालाच कशापायी वाटंल?"

सावळाराम म्हणाला, "भ्यायला आमी काय बायका हाय?"

मागं सारजा, म्हणजे आमचं कुटुंब, फस्सकन हसली. का हसली ते कळलं नाही.

फुलाआत्यानं मधेच सांडव्याचं काढलं. तिघाचौघांनी माझ्याकडं पाहिलं आणि माना खाली घातल्या. मी समजावलं, पितृपंधरवडा चालू आहे, या दिवसांत खोदाईला हात घालणं शुभ नाही. शिवाय सांडव्याला तालुक्याची मंजुरी लागेल. तसा अर्ज मी इंदापूरला धाडतो. सगळ्यांनी मान डोलावली. किती समंजस गाव आहे!

ठराव: बांधाला धोका नाही. ग्रामस्थांनी भिऊ नये. तशीच वेळ आली तर सरपंचांनी देवळातली घंटा वाजवावी, आणि घंटा वाजेपर्यंत कोणी घर सोडू नये.

एकमतानं मंजूर. टाळ्या.

एकमताची ताकद काय असते ते आज कळलं. इतकी माणसं भीत नाहीत म्हटल्यावर भीतीला जागाच कुठं?

रात्री झोप नाही. ढेकूण.

२५ सप्टेंबर, मंगळवार

धार अंगठ्याएवढी. नितळच.

जेवताना सारखा पाण्याचा आवाज येत होता. शेवटी उठून मागच्या दाराला गेलो. सारजा ताक घुसळत होती.

२६ सप्टेंबर, बुधवार

धार मनगटाएवढी. नितळ आहे असं मी लांबून पाहिलं.

दुपारी सारजाला म्हटलं, चार दिवस माळावरच्या आपल्या खोपटात जाऊन राहा. भीती म्हणून नाही. माळावरची हवा चांगली, तुझा खोकला जाईल. ती म्हणाली, मला खोकला नाही. मी म्हटलं, होऊ शकतो.

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, "अवो, खरं सांगा. तुमास्नी भ्या न्हाय वाटत?"

म्हटलं, नाही.

ती म्हणाली, "मग मला वाटतंय ते मी कुणाला सांगू?"

मी म्हटलं, ठराव झालाय.

संध्याकाळी भाकरी करपली. बायकांचा राग तव्यावर निघतो.

२७ सप्टेंबर, गुरुवार

आज एक साधी, व्यवहारी गोष्ट केली. भर दुपारी, गाव जेवून लवंडलेलं असताना, पत्र्याची ट्रंक अन् बियाण्याची दोन पोती बैलगाडीत घालून माळावर नेली. घरात उंदीर फार झालेत. पुढाऱ्यानं बियाण्याची काळजी घ्यायलाच हवी, त्यात गावाचंच हित.

माळाच्या चढाला पायवाटेनं सावळाराम वर येत होता. त्याच्या डोक्यावर वाकळांचं गाठोडं, काखेत देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधलेले, मागं त्याची म्हैस.

दोघंही थांबलो. सावळाराम म्हणाला, वाकळांना ऊन दाखवायला नेतो. आभाळ अगदी भरून आलेलं होतं. मी म्हटलं, छान. मी पोती दळायला नेतो. गिरणी खाली गावात आहे. तो म्हणाला, छान.

देवांचं मी विचारलं नाही. ट्रंकेचं त्यानं विचारलं नाही. विरोधक असला तरी माणूस सभ्य.

परतताना मात्र डोक्यात आलं, हा ठरावाला हात वर करणाराच ना? लोकांच्या ढोंगाचं नवल वाटतं.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरी मीटिंग. हजेरी पातळ. जो तो म्हणतो, आमच्यातले शेतावर गेलेत. एवढी कसली शेतकामं? पावसानं वाफसा नाही, औत चालत नाही.

इकबालभाईंचं दुकान अर्धं मोकळं दिसलं. विचारलं, तर म्हणाले, माल बारामतीला धाडला, तिथं भाव चांगला. त्यांच्या अम्मी नूरजहाँ रोज उंबऱ्यात बसतात, त्याही दिसल्या नाहीत. म्हणाले, अंथुर्ण्याला भाचीकडं गेल्यात, तिला मुलगी झाली.

मी पुन्हा विचारलं, कोणाला भीती? मी विचारताना माझा आवाज थोडा चिरकला. घसा बसलाय. कोणाचाही हात वर नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. घटकाभर असं वाटलं की आता कोणीतरी बोलणार. कोणीतरी एकानं बोलावं असं मला फार, फार वाटलं. कोणीही. सावळाराम बोलला असता तरी चाललं असतं.

तो खोकला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो म्हणाला, सहज खोकलो.

आधीचा ठराव कायम. एकमतानं.

फुलाआत्या जाताना म्हणाली, धार आता मांडीएवढी झाली, तिचा आवाज घरात ऐकू येतो. "पर तू घंटा वाजवशील न्हवं, म्हईपती?" मी म्हटलं, आत्या, मी आहे ना. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. हात बर्फासारखा गार. की माझा गालच तापला होता?

इंदापूरहून उत्तर नाही. येईल. अर्ज टपालात टाकायचा आहे.

२९ सप्टेंबर, शनिवार

पाऊस. दिवसभर.

धोतर गुडघ्यापर्यंत खोचून झोपायचा प्रयत्न केला. तशीच सवय चांगली. जमिनीला कान लावून ऐकलं. आत काहीतरी घुमतंय. सारजा म्हणाली, ते तुमचं काळीज. उठा.

३० सप्टेंबर, रविवार. माळावरून, संध्याकाळी

हात थरथरतोय. गार वारा आहे. क्रमानं लिहितो.

सकाळी उठलो तर सारजा घरात नव्हती. भाकरी झाकून ठेवलेली. सरपणाला गेली असेल म्हटलं. पाऊस थांबला होता. धार बघायला गेलो. लांबूनच दिसली. तांबडी. गढूळ. बाभळीच्या मुळाशी बैल शिरेल एवढी खोंगळ पडली होती आणि तीतून चहासारखं पाणी भसाभसा येत होतं.

पाय पळाले. मी बरोबर होतो.

देवळात आलो. घंटेखाली उभा राहिलो. हात वर केला. तेव्हा विचार आला, घंटा वाजवली म्हणजे धोका आहे असं होतं. ठरावात धोका नाही. एकमताचा ठराव मी एकट्यानं कसा मोडायचा? तो बदलायला मीटिंग हवी, मीटिंगला नोटीस हवी. म्हणून खाली बसून नोटीस लिहू लागलो. 'तमाम ग्रामस्थांस कळविण्यात येते की' एवढं लिहिलं. पुढं काय कळवायचं ते सुचेना. जबडा असा वाजत होता की दातांत सुपारी असती तर चुरा झाला असता.

मग ठरवलं, घरोघर जाऊन तोंडी सांगावं. सावळारामच्या दाराला कुलूप. शेजारी कुलूप. त्याच्या शेजारी नुसती कडी, आत चूल गार. इकबालभाईंच्या दुकानाला फळ्या. आळीच्या आळी ओरडत फिरलो. एक कोंबडी निघाली. कोणी माणूस नाही.

सगळे गेले होते. कधी एकेक करून, भर दुपारी, वाकळांना ऊन दाखवायला. ज्या गावाचा मी सरपंच, त्या गावात मी एकटा उभा होतो, आणि वर तळं.

तेव्हा मी घंटेच्या दोरीला लोंबकळलो. किती वेळ ते माहीत नाही. ऐकायला कोणी नाही हे कळत होतं, तरी वाजवत होतो. काहीतरी आवाज हवा होता.

आणि बांधाच्या अंगानं फुलाआत्या आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात शेळीचं दावं. म्हणाली, "कवाधरनं वाट बघती रं. वाजंना म्हून बसून ऱ्हायले. बाकीचे कुठं हायेत?"

अख्ख्या गावात ठराव पाळला होता तो तिनं एकटीनं. हात वर न करता. बायकांचे हात आपण मोजत नाही.

माळाच्या वाटेवरचा ओढा ओलांडताना गुडघाभर पाणी होतं. मी तिला हात दिला. तिनं तो धरला आणि मला ओढत पलीकडं नेलं, कारण तिला घाई होती. मधे मी थोडा थांबलो होतो. डोळे मिटून. शेळी आमच्या आधी पार झाली.

माळावर पोचलो तर खोपटं, गाठोडी, म्हशी, पोरं. सगळं गाव तिथं. पण बाप्ये दिसेनात. बायकाही थोड्याच. खणखण आवाज येत होता. डाव्या अंगाला, सांडव्याच्या तोंडाशी पन्नासएक माणसं टिकाव-खोरी घेऊन भिडलेली. सावळाराम उघडाबंब. इकबालभाई पायजमा वर खोचून मुरूम उपसताहेत. आणि सर्वांच्या पुढं, पदर खोचून, आमचं कुटुंब.

मी ओरडलो, हा ठराव कोणी केला?

सावळाराम टिकाव न थांबवता म्हणाला, "झाला."

इकबालभाईंनी सांगितलं ते असं. सकाळी माळावर जो तो दुसऱ्याला बघून चपापला. कोणी म्हणालं हवा खायला आलो, कोणी म्हणालं करडू हरवलंय. मग सारजा चढून आली, मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मला लई भ्या वाटतंय. आठ दिस झालं वाटतंय. तुमास्नी वाटतंय का न्हाय, तेवढं सांगा."

आधी सावळाराम म्हणाला, "व्हय वैनी. मला झोप न्हाय." मग त्याची बायको. मग एकदम सगळेच. इकबालभाई म्हणाले, त्यांना स्वतःला रडू आलं, का ते सांगता येईना. आणि गंमत अशी, की करायचं काय हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आमच्या केळीकडं बघून सगळे गप्प होते. सारजा म्हणाली, "केळी म्या लावल्यात. म्याच सांगती. फोडा सांडवा."

हे ठरायला, चिलीम पेटायला लागतो त्याहून कमी वेळ लागला म्हणे.

मी पोचल्यावर थोड्याच वेळात पाणी सुटलं. आधी एवढंसं, मग तोंड रुंदावलं आणि गर्जना करत खाली गेलं. घड धरलेली बाग अशी आडवी झाली, की कोणी हातानं निजवावी. सारजानं तिकडं एकदा पाहिलं. मग पाठ केली.

दिवस कलता बांधाखालची धार बारीक झाली. आत्ता बातमी आली, फुलाआत्याच्या घराची मागची भिंत बसली. ती जिथं झोपते तिथंच.

योग्य वेळी घंटा वाजवली, म्हणून आत्या वाचली. हे नोंदवून ठेवतो.

१ ऑक्टोबर, सोमवार

तळं उतरलंय. बांध उभा आहे. खोंगळ काळ्या मातीनं भरायची असं ठरलं. कुठं ठरलं, कधी ठरलं, कळलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, बोलता बोलता.

पडलेले कच्चे घड सारजानं गावाला वाटून टाकले. घरोघरी केळ्याची भाजी. मला तिनं विचारलं नाही. मी जेवलो नाही. नंतर थोडी खाल्ली. चांगली झाली होती.

आत्या आमच्याकडं राहायला आली. शेळीसकट. शेळी माझ्या खोलीत.

सांडवा फोडायचं मीही सुचवणारच होतो. फक्त योग्य वेळेची वाट पाहत होतो.

२ ऑक्टोबर, मंगळवार

बांधावर गेलो, बरोबर खुर्ची घेऊन. मंडळी वाटोळी बसली होती. बाप्ये, बायका, एकात एक. खुर्ची कुठं ठेवायची ते समजेना. वाटोळ्याला पुढची बाजू नसते. शेवटी इकबालभाई सरकले, मी खाली बसलो. खुर्चीवर कोणीतरी पाण्याची कळशी ठेवली.

कामं वाटली गेली. काळी माती खणणारे, वाहणारे, तुडवणारे. मी देखरेख सुचवली. आत्या म्हणाली, देखरेखीला ती आहे.

माझ्या वाट्याला पाटी.

३ ऑक्टोबर, बुधवार

खोंगळीपर्यंत मातीची पाटी घेऊन जायचं. बाकीचे जातात, ओततात, येतात. मी तोंडापाशी पोचलो की वर बांध दिसतो. अजून बरंच पाणी आहे पलीकडं. पाय जागचे हलत नाहीत. सकाळपासून दोनदा पाटी वाटेतच ओतली.

तिसऱ्या खेपेला मागं रांग तुंबली. मी पाटी खाली ठेवली. सगळं अंग कापत होतं. वारा नव्हता, ढेकूण नव्हते, घसाही ठीक होता. मी वळलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मंडळी, एक सांगायचंय. मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."

एवढं मोठं वाक्य मी आयुष्यात कोणत्या भाषणात बोललो नसेन. आता सगळे स्तब्ध होतील, कोणाच्या डोळ्यांत पाणी येईल, असं वाटलं. मी वाट पाहिली.

माझ्या मागं सावळाराम होता. डोक्यावरच्या पाटीचा त्यानं हात बदलला.

"व्हय," तो म्हणाला. "ते समद्या गावाला ठावं हाय. पाटी उचला."